मराठवाड्याकडून फक्त दुष्काळाचीच कथा मागू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांची मागणीपत्रं आणि फोन यायला सुरुवात झाली आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. एकदा अंकाचा आराखडा ठरला, विषय वाटून झाले, की मग बोलून काही उपयोग होत नाही. आपलं वृत्तपत्र आमच्या भागात घरोघरी जातं, तसं ते अंक काढणाऱ्या मंडळींच्याही टेबलावर असतं. त्यांच्यापर्यंत हे पोचावं एवढीच इच्छा आहे.

मी हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या एका आडत दुकानावर मुनीम आहे आणि कथा लिहितो. दिवसा पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबाचे कागद, आणि रात्री कथा, असं बरीच वर्षं चाललं आहे. गेल्या आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. आवाज आपुलकीचा होता. म्हणाले, "यंदा मराठवाड्यावर विभाग करतोय, तुमची कथा पाहिजेच. टँकर, कोरडी विहीर, आत्महत्या, असं तिकडचं दाहक काहीतरी द्या." मी म्हटलं, "माझ्याकडं हळदीच्या बाजाराची कथा तयार होऊ लागली आहे." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "ती पुढच्या वर्षी बघू."

असं पहिल्यांदा झालेलं नाही, आणि फक्त माझ्याच बाबतीत होतं असंही नाही. माझ्या ओळखीचे एक शिक्षक आहेत, फार चांगलं लिहितात. त्यांच्या गावाला कालवा आहे, रानात केळी आहे, पण अंकासाठी दरवर्षी त्यांच्याकडून टँकरचीच कथा लिहून घेतली जाते. केळीच्या घडाला फडकं गुंडाळून गाडी भरणाऱ्या मजुरांवर त्यांनी जे लिहिलंय ते वहीतच पडून आहे. मी वाचलंय ते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

उन्हाळा संपताना आमच्याकडं काय असतं, ते सांगतो. रोहिणी लागली की मोंढ्यात घाई सुटते. मृगाच्या आधी बियाणं, खत घ्यायचं असतं, पोरांच्या फिया भरायच्या असतात, लग्नाची उधारी द्यायची असते. म्हणून घरात थोपवून धरलेली हळद शेतकरी याच दिवसांत बाहेर काढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली, कुकरमध्ये शिजवलेली, उन्हात वाळवलेली, ड्रममध्ये घोळून पॉलिश केलेली सेलम जातीची हळद. कांडीचा ढीग वेगळा, गट्टूचा, म्हणजे गोल गड्ड्यांचा, वेगळा. खरेदीदार ढिगात खोल हात घालतो, एक कांडी काढतो आणि दोन अंगठ्यांनी मोडतो. कट्ट असा कोरडा आवाज आला तर वाळलेली. नुसती वाकली किंवा पिचली तर ओल राहिलेली. मग मोडलेली बाजू उजेडाकडं धरून रंग बघतो, नाकाशी नेतो, तुकडा ढिगावर टाकतो आणि भाव बोलतो. त्या वेळी शेतकरी खरेदीदाराकडं बघत नाही, त्या तुकड्याकडं बघतो. वर्षभराची मेहनत त्या एका आवाजावर ठरताना मी रोज बघतो आणि अजून मला त्याची सवय झालेली नाही.

आणि डोक्यावर ढग. लिलाव चालू असताना वारं सुटलं, की सगळा मोंढा एका क्षणात ताडपत्रीकडं धावतो. हमाल, मापाडी, व्यापारी, शेतकरी, चहावाला, कुणाचा माल हे कुणी बघत नाही, जो ढीग जवळ असेल तो झाकायचा. दहा मिनिटांपूर्वी भावावरून एकमेकांवर आवाज चढवणारी माणसं ताडपत्रीची दोन टोकं धरून उभी असतात. यावर एक कथा होत नाही असं कुणी म्हणेल का?

मी लिहितो ती अशीच एक कथा आहे. एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन दुकानावर येतो. मुलगी पहिल्यांदाच पट्टी हातात घेते आणि वजन, भाव, हमाली, तोलाई असं ओळीनं मोठ्यांदा वाचायला लागते. बापाला अक्षर येत नाही असं नाही, पण इतकी वर्षं त्यानं फक्त शेवटचा आकडा पाहिलेला असतो. पुढं काय होतं ते कथेत आहे. ती पट्टी लिहिणारा मुनीम मीच आहे, म्हणून ती लिहिणं मला जड जातंय आणि म्हणूनच ती पुरी करायची आहे.

हे लिहिणं होतं कसं, तेही थोडं सांगतो. सकाळी घरी पाणी भरणं, मग दुकान, संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत आठ-साडेआठ. जेवण झालं की गच्चीवर. खाली कूलर असला तरी या दिवसांत वीज रात्री हमखास जाते, त्यापेक्षा वर बरं. गच्चीच्या एका बाजूला बायकोनं वाळत घातलेल्या कुरडयांची परात झाकून ठेवलेली असते. मी पडल्या पडल्या फोनवर टाइप करतो. दुपारी सुचलेलं रद्द पट्टीच्या पाठीवर टिपून खिशात ठेवलेलं असतं. ते कागद हळदीनं पिवळे होतात, पण अक्षर वाचता येतं. दुकानावरचे एक वयस्क हमाल मला रोज विचारतात, "मुनीमजी, आज काय लिहू लालाव?" मी सांगतो. आवडलं नाही तर तोंडावर सांगतात, "असं नस्तंय बगा." त्यांच्याइतका चोख वाचक मला दुसरा मिळालेला नाही, आणि ते कथा वाचत नाहीत, फक्त ऐकतात.

त्यांच्याचमुळं माझं दुसरं काम सुरू झालं. पूर्वी मोंढ्यात हत्ता पद्धत होती. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बोटांनी भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेतकरी बाजूला उभा, आणि त्याला रुमाल तेवढा दिसायचा. बाजार समित्यांचा कायदा 1963 मध्ये आला, उघडा लिलाव हा नियम झाला, पण रुमाल एका दिवसात उठला नाही. ती बोटांची भाषा जाणणारे थोडेच लोक आता उरलेत. कोणतं बोट धरलं म्हणजे किती, तळव्यावर दाब दिला म्हणजे काय, हे मी त्यांच्या हातात हात देऊन शिकतो आहे आणि लिहून ठेवतो आहे. लिलाव लवकर उरकला की सावलीत बसून हेच काम. पाऊस लागला की ही माणसं आपापल्या गावी शेताला लागतात, म्हणून त्यातलं जमेल तेवढं आत्ताच उतरवून घ्यायचं आहे.

आता दुष्काळाबद्दल. कुणी असं समजू नये की मी तो नाकारतो. 1972 चा दुष्काळ आमच्या आईवडिलांनी खडी फोडून काढला. रोजगार हमीची योजना उभी राहिली ती त्याच दिवसांच्या कष्टांवर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं बघितलं. आजही आमच्याच जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या बायका मे महिन्यात हंडे घेऊन चालतात. हे लिहिलंच पाहिजे, आणि ज्यांनी ते जगून लिहिलं त्यांचं लिहिणं मराठीत टिकून राहील. पण ज्या घरात गळफास लागला त्या घरातली माणसं माझ्या ओळखीची आहेत, माझ्या दुकानावर येतात. त्यांचं दुःख फर्माइशीवर, अमुक तारखेपर्यंत, दोन हजार शब्दांत द्यायला मी तयार नाही. ते त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या वेळेनं यायला हवं.

शिवाय मराठवाडा म्हणजे सगळीकडं एकच रान नाही. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालवे आले आणि वसमतचा परिसर ओलिताखाली आला. हळद, ऊस, केळी ही पिकं त्या पाण्यावर उभी आहेत. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, इथं हळदीचं संशोधन केंद्र आहे. पाणी आलं म्हणजे सुखच आलं असंही नाही. पाण्याची पाळी कुणाला आधी, चारीच्या, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या कालव्याच्या, शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही, भावाभावांत विहिरीची वाटणी कशी होते, यात केवढी माणसं, केवढी भांडणं आणि केवढी माया आहे! माझी अर्धी राहिलेली कादंबरी चारीच्या शेवटच्या शेतावरच आहे.

आणि गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात, 2025 मध्ये, काय झालं? पावसानं मराठवाड्यात हाहाकार केला. जमिनी खरडून गेल्या, सोयाबीन सडलं, जनावरं वाहून गेली. ज्या रानांत पाणी साचून राहिलं तिथल्या हळदीला कंदकूज लागली. त्या रानांतली कांडी यंदा मोंढ्यात आली ती बारीक, हलकी. पोत्याला हात लावला तरी कळत होतं. इतकं होऊनही सात-आठ महिन्यांत आमच्याकडं मागणी पुन्हा कोरड्या विहिरीचीच. मागणाऱ्यांनी या वर्षात एकदा तरी इकडं येऊन बघावं, असं मनापासून वाटतं.

कामाबद्दल लिहिणं आमच्या मातीत नवीन नाही. गंगाखेडची जनाबाई दळणकांडणातून बोलली, झाडलोट, शेणी यांतून बोलली. नामदेवांचं नरसी आमच्याच जिल्ह्यात, ते शिंप्याच्या घरचे. त्यांच्या अभंगांतून त्यांचं दुःख दिसतं, आणि त्यांचं कामही दिसतं.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा 1909 मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं सुरू झाली. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या लेखकाला आजही वाचक मिळतो तो मुख्यतः दिवाळी अंकांतूनच. तोच दरवाजा एका विषयापुरता उघडा राहिला तर नवीन लिहिणारी मुलं तेवढंच लिहायला शिकतील. आमच्या गावातले दोन-तीन तरुण माझ्याकडं कथा घेऊन येतात. त्यांच्यापैकी एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्यानं कथा आणली ती दुष्काळावर. मी विचारलं, दुकानातलं का नाही लिहिलंस? तो म्हणाला, "ते कोण छापील सर?"

म्हणून संपादक मंडळींना माझी विनंती आहे. मराठवाड्याच्या लेखकाला कथा मागताना विषय त्याच्यावर सोडा. त्याच्या रोजच्या कामातलं, त्याच्या गल्लीतलं काही असेल तर ते आधी मागा. मागणीपत्र आमच्या हंगामाच्या भरात येतं, त्यामुळं शेवटची तारीख ऑगस्टच्या मध्यापर्यंत दिली तर आम्हालाही न्याय मिळेल. कथा घेणार नसाल तर महिन्याभरात तसं कळवा, म्हणजे ती दुसरीकडं देता येते. आणि छापली तर अंकाची एक प्रत पोस्टानं पाठवा. इकडं तालुक्याला सगळे अंक विक्रीला येत नाहीत.

पट्टी वाचणाऱ्या मुलीची कथा जुलैअखेर पुरी होईल. सध्या ती त्या हमालकाकांना थोडी थोडी ऐकवणं चालू आहे. ज्या संपादकांना ती वाचावीशी वाटेल त्यांनी माझा पत्ता आपल्या कार्यालयातून घ्यावा. दुकानमालकांची अडचण होऊ नये म्हणून पत्राखाली नाव छापू नये, ही विनंती. नाव, पत्ता वेगळ्या चिठ्ठीत जोडला आहे.

आपला नम्र,
एक कथालेखक
वसमत, जि. हिंगोली