दिवाडीच्या कपेलाला सिमेंट लावू नका!

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाडी बेटावर पिएदादच्या टेकडीवर चर्चला लागून दफनभूमी आहे. तिथलं कपेल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर, हा कदंब राजांच्या काळातल्या मंदिराचा उरलेला भाग, हे आपल्या खात्याला ठाऊक आहे. दगडातली जाळी, छतावरचं रंगवलेलं गिलाव्याचं काम मान वर केली की आजही दिसतं. मंदिर गेलं, पण एवढा भाग कपेल म्हणून वापरात राहिला. वापरात राहिला म्हणूनच वाचला, असं माझं मत.

'पावसाळ्याआधी चुन्याचं काम करून देतो,' असं पाहणीला आलेले साहेब गावासमोर बोलले होते. परवा ठेकेदार आला तो सिमेंटच्या गोणी घेऊन! विचारलं तर म्हणतो, टेंडरमध्ये हेच आहे. अहो, जुन्या भिंतीत मुरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट लावलं की ती आत कोंडते, क्षार फुटतात आणि गिलाव्याचे पापुद्रे गळून पडतात. आमच्याकडचा कोणताही जुना गवंडी हे सांगेल. आपल्या इंजिनियरांना कोणी सांगायचं?

मी हिंदू, माझं तिथे कोणी पुरलेलं नाही. तरी कपेलाच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन मीच फिरलो. दुकान बंद ठेवायचं, फेरीबोटीने रायबंदर गाठायचं, तिथून पणजी. आणि तिथे काय, तर साहेब मीटिंगमध्ये. गुडघे कामातून गेले, उधारी थकली, बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागे पडलं. आता म्हणतात, अर्जच सापडत नाही.

नदीपलीकडे नार्व्याला सप्तकोटेश्वराचं मंदिर शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतलं. त्याचं नूतनीकरण होऊन 2023 मध्ये मोठा सोहळा झाला, आनंदच आहे. पण तो देव मूळचा आमच्या दिवाडीचा! दिवाडीवरच्या जुन्या नार्व्यातलं त्याचं मूळ स्थान बघायला किती मंत्री उतरले? जिथे फीत कापता येते तिथेच पैसा जातो. गळकं छत दुरुस्त केल्याचा फोटो कोण छापणार? सरकारं बदलली, पक्ष बदलले, माणसं इकडून तिकडे गेली, टेंडरची रीत तीच राहिली. बेटावर मतं थोडी, म्हणून आम्ही शेवटी.

त्या गोणी आधी उचलायला लावा. चुन्याचं काम जाणणारा माणूस पाठवा आणि तारीख लेखी द्या. पणजीला मी आता येणार नाही. फेरीबोट तुमच्या साहेबांसाठीही आहे.

आपला,
दिवाडीतील एक दुकानदार