यादीत स्वतःचं नाव लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ऑफिसात सगळ्यांना कौतुकाचा ईमेल गेला. लाइन गेली, परत आली, हजारो उपकरणं एकदमच पुन्हा जोडून घ्यायला धावली, तरी आपली सिस्टीम डगमगली नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली नाव फक्त माझं. तो वाचल्यापासून मला चैन नाही. या सिस्टीमसाठी एर्लँग ही प्रोग्रामिंगची भाषाच वापरायची हा हट्ट माझा होता हे खरं, पण तो टिकला तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

याआधी मी जिथे होतो तिथेही असंच काम होतं आणि मी हेच सुचवलं होतं. कोणी कोड उघडूनसुद्धा पाहिला नाही. "ही भाषा वापरतं कोण?" "जाहिरात दिली तर अर्ज किती येतील?" "उद्या तू गेलास तर बघणार कोण?" एवढं विचारून विषय संपला, उत्तर ऐकायला कोणी थांबलंच नाही. मग सगळे करतात तसंच केलं. प्रत्येक जोडणीला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक वेगळा धागा, सगळ्यांची माहिती एकाच सामायिक जागी, आणि एका वेळी एकानेच तिला हात लावावा म्हणून तिच्यावर लॉक. एखादा थ्रेड लॉक धरून बसला की बाकीचे ताटकळत. रात्री-अपरात्री फोन यायचे ते प्रश्न विचारणाऱ्यांना नाही, आम्हाला. त्या मंडळींवर माझा अजून राग आहे. नकार दिला म्हणून नव्हे, न वाचता दिला म्हणून.

त्यांच्या प्रश्नांना उत्तरं होती. एर्लँगचं काम १९८६ मध्ये एरिक्सन या स्वीडनच्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू झालं, टेलिफोन एक्सचेंज डोळ्यांसमोर ठेवून. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती घडवली. एक्सचेंजमध्ये असंख्य कॉल एकाच वेळी चालू असतात आणि एक कोसळला म्हणून शेजारचा तुटून चालत नाही. ही अट भाषेच्या मुळातच आहे. प्रत्येक कामाला वेगळी प्रोसेस, म्हणजे आपापलं चालणारा छोटासा प्रोग्राम, तीही सुरुवातीला जेमतेम दोन-तीन किलोबाइटची. कोणाची मेमरी कोणाशी वाटून घ्यायची नाही, जे सांगायचं ते निरोप पाठवून सांगायचं. एखादी प्रोसेस बिघडली तर तिला सावरत बसायचं नाही. पडू द्यायची, तिच्यावर नजर ठेवणारा सुपरव्हायझर, तोही एक प्रोसेसच, ती नव्याने उभी करतो. आपल्या कामाची गरज याहून वेगळी कुठे होती?

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगतो: १९९८ मध्ये खुद्द एरिक्सनमध्येच नव्या उत्पादनांसाठी एर्लँगवर बंदी आली. बाहेर जे चालतं तेच आपणही वापरू, असा तो विचार. त्याच वर्षी ती मुक्त स्रोत झाली, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला झाला, म्हणून वाचली. पुढे व्हॉट्सॲपने तीच घेतली आणि २०१२ मध्ये एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त जोडण्या एकाच वेळी सांभाळून दाखवल्या. हे सगळं मी तुम्हाला पटवायला तयार करून आणलं होतं.

तुम्ही त्यातलं काहीच विचारलं नाहीत. तुम्ही कोड मागितलात.

दुसऱ्या दिवशी छापलेली पानं घेऊन तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. विरामचिन्हांभोवती पेन्सिलीने गोल केलेले. "इथे स्वल्पविराम, इथे अर्धविराम, इथे पूर्णविराम. कशावरून ठरतं?" मी सांगितलं, एकामागून एक करायच्या गोष्टींमध्ये स्वल्पविराम, एकाच फंक्शनच्या वेगवेगळ्या कलमांमध्ये अर्धविराम, फंक्शन संपलं की पूर्णविराम. "मग वाचता येईल," म्हणालात आणि खुर्ची ओढून बसलात. शेलमधून, म्हणजे चालू सिस्टीमला थेट हुकूम देता येतात त्या खिडकीतून, एक प्रोसेस मुद्दाम मारलीत. ती परत उभी राहिली. आणखी एक मारलीत. मग थेट सुपरव्हायझरच मारलात, आणि त्याच्या वरच्या सुपरव्हायझरने तोही परत आणला तेव्हा जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिलात. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं म्हणणं कोणी असं तपासून पाहिलं नव्हतं.

मग ती मीटिंग. "हा सोडून गेला तर बघणार कोण?" हा प्रश्न येणारच होता, आला. तुम्ही लॅपटॉप पुढे ओढलात, सिस्टीम सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावाखाली तुमचं नाव टाइप केलंत, फोन नंबरासकट, आणि म्हणालात, "मी बघेन. पुढचा मुद्दा घ्या."

मॅडम, मला आठवतं ते हेच. परवानगी, बजेट, बाकीच्या सह्या, ते सगळं नंतर झालं आणि मी विसरलोही. तुमच्या पदावरच्या माणसाचा नंबर अशा यादीत नसतो. मी रजेवर असताना रात्री फोन आला तो तुम्ही घेतलात, लॉग, म्हणजे सिस्टीमने लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचून दुरुस्ती केलीत, आणि मी परत आल्यावरच सांगितलंत, तेही सहज, चालता चालता.

तो प्रश्न चुकीचा नव्हता, हे मी मान्य करतो. कमी लोक वापरतात अशा भाषेची माणसं मिळणं खरंच अवघड, तयार लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला वापरायला आयता कोड, त्याही कमी. म्हणूनच आपले हिशेबाचे रिपोर्ट मी सगळे वापरतात त्याच भाषेत लिहिले, तिथे वेगळं काही करायचं कारण नव्हतं. पण आधीच्या ठिकाणी हा प्रश्न दार लावायला विचारला गेला, आणि तुम्ही तो स्वतःवर घेतलात. नाही म्हणणाऱ्याचं काही जात नाही. "बघू" म्हणून फाइल बाजूला ठेवणाऱ्याचंही नाही. हाताखालच्या माणसाचं म्हणणं आधी समजून घ्यायचं आणि पटलं तर त्याच्या शेजारी उभं राहायचं, इतका साधा चांगुलपणा या क्षेत्रात मला इतका कमी भेटला आहे की तो दिसल्यावर गप्प बसणं मला बरं वाटत नाही. तुमच्यासारखी माणसं आणखी असतील. त्यांचेही कोणी आभार मानले नसतील.

त्या कौतुकाच्या ईमेलला मी सगळ्यांना जाईल असं उत्तर पाठवलं आहे आणि त्यात तुमचं नाव लिहिलं आहे. तुम्हाला ते आवडणार नाही, मला ठाऊक आहे. तरीही लिहिलं.

मनापासून आभार.

तुमच्या टीममधला,
यादीत तुमच्या वरच्या ओळीवरचा