‘सध्याचा पगार’ हा रकाना आधी खोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या अर्जात ‘सध्याचा पगार’ असा एक रकाना असतो. उमेदवार तो मुकाट्याने भरतो आणि भरती करणारा त्यावर 15-20 टक्के चढवून नवा आकडा ठरवतो. स्त्री-पुरुषांच्या पगारातील तफावतीबद्दल बोलताना मानसिकता, घरची जबाबदारी, बढत्या असे सगळे विषय निघतात, या रकान्याचा मात्र नाही. पहिल्या नोकरीत बाईला कमी पगार मिळाला असेल, तर ती कसर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नोकरीतही याच वाटेने शिरते. नव्या मालकाच्या मनात भेदभाव असायचीही गरज नाही. जुन्या मालकाने केलेला भेदभाव तो टक्केवारी लावून पुढे चालवत असतो, इतकेच.

हिशेब करून पाहा. एकाच पदावर दोघे रुजू झाले. त्याचा वार्षिक पगार 100 धरू, तिचा 85. दोघांनाही दरवर्षी 8 टक्के इन्क्रिमेंट, म्हणजे वरकरणी कुणावर अन्याय नाही. दहा वाढी झाल्यावर तो 216च्या आसपास असतो, ती साधारण 183वर. म्हणजे 15चा फरक 32वर गेला. त्या दहा वर्षांत तिला एकूण किती कमी मिळाले याची बेरीज 217 येते. त्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या एकत्रित पगाराहून ही रक्कम मोठी आहे. निवृत्तीचे लाभ मूळ पगाराला बांधलेले असतील, तर तूट तिथेही येणार.

यावर उपाय महागडा नाही. पदाची वेतनपट्टी, म्हणजे किमान ते कमाल पगार, आधी ठरवायची, ती जाहिरातीत छापायची आणि मुलाखतीत जुना पगार विचारायचाच नाही. कॅलिफोर्नियात असे विचारण्यावर 2018पासून बंदी आहे. युरोपीय संघाच्या 2023च्या वेतन पारदर्शकता निर्देशातही ही बंदी आहे. शिवाय त्या निर्देशानुसार सुरुवातीचा पगार किंवा पट्टी उमेदवाराला पगाराची बोलणी होण्याआधीच कळवायची आहे. ‘बायका मागतच नाहीत, आम्ही काय करणार?’ हे पालुपद अनेकदा ऐकू येते. पट्टीच ठाऊक नसताना मागायचे तरी किती? आणि मागितले की ‘फार हिशेबी आहे’ हा शेरा तयार असतोच.

वर 85 हा आकडा उगाच घेतलेला नाही. ब्रिटनमधील डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी 1968मध्ये संप केला. त्यांना पुरुषांच्या दराच्या 85 टक्के मजुरी मिळत होती. पण त्यांची मूळ तक्रार निराळीच होती: त्यांच्या कामाची गणना कमी कौशल्याच्या श्रेणीत केली होती. संपानंतर दर 92 टक्क्यांवर आला आणि 1970मध्ये समान वेतनाचा कायदाही झाला. श्रेणी मात्र 1984मध्ये, आणखी एका संपानंतर बदलली. पैसा लवकर हलतो, हुद्द्याची व्याख्या हलत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1951च्या शंभराव्या करारातले ‘समान मूल्याचे काम’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकीला ‘कार्यालय सहायक’ आणि तेच काम करणाऱ्याला ‘समन्वय अधिकारी’ म्हटले की कागदोपत्री तुलनाच उरत नाही. कामाचे मोल ठरवताना कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार गोष्टींना गुण द्यावेत, तेही त्या खुर्चीवर कोण बसले आहे हे न पाहता.

दुसरी गळती अप्रेझलमध्ये असते. वर्षाचे उद्दिष्ट 120 आहे, म्हणजे महिन्याला 10. पाच महिने प्रसूती रजेवर असलेल्या कर्मचारी स्त्रीने उरलेल्या सात महिन्यांत 77 काम केले, म्हणजे महिन्याला 11. तक्त्यात मात्र 120पैकी 77, अर्थात 64 टक्के असे दिसते आणि शेरा पडतो ‘असमाधानकारक’. उद्दिष्ट सात महिन्यांपुरते 70 केले असते, तर तोच आकडा 110 टक्के झाला असता. ‘असमाधानकारक’ शेऱ्याने तेवढ्या एका वर्षाचे इन्क्रिमेंट तर जातेच. बढतीसाठी ‘सलग तीन वर्षे उत्तम शेरा’ अशी अट असेल, तर तिची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

आपल्या संस्थेत काय चालले आहे हे पाहायला सल्लागार लागत नाही, एक एक्सेल पुरते. श्रेणी, रुजू झाल्याची तारीख, सुरुवातीचा पगार, आजचा मूळ पगार, भत्ते वेगळे, गेल्या तीन वर्षांचे शेरे आणि रजेचे महिने एवढे रकाने घ्या. प्रत्येक श्रेणीत स्त्रियांचा आणि पुरुषांचा मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. सरासरी नको, वरचे एकदोन गलेलठ्ठ पगार तिला ओढून नेतात. श्रेणीत चारपाचच माणसे असतील तर मध्यकालाही अर्थ नाही, तिथे एकेक फाइल उघडावी. मग सगळ्यांना पगाराच्या क्रमाने लावून यादीचे चार समान भाग करा आणि प्रत्येक भागात स्त्रिया किती ते मोजा. ब्रिटनमध्ये 250 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना हे आकडे 2017पासून जाहीर करावे लागतात. श्रेणीनिहाय फरक नाही, पण वरच्या चौथ्या भागात स्त्रियाच नाहीत, असे दिसले तर दुखणे बढतीत आहे. श्रेणीतच फरक असेल तर ते पगार ठरवण्यात आहे. दोन्हींवरचे औषध वेगळे.

किती फरक मनावर घ्यावा? युरोपीय निर्देशात 5 टक्क्यांची रेषा आहे. तेवढ्या फरकाचे वस्तुनिष्ठ कारण देता आले नाही आणि सहा महिन्यांत तो दूरही झाला नाही, तर कर्मचारी प्रतिनिधींसह वेतनाची तपासणी करावी लागते. ‘त्याचा अनुभव जास्त’ हे कारण चालेल, पण मग तितक्याच अनुभवाच्या बाईलाही तेवढाच पगार आहे का, हे तपासलेले असावे.

फरक सापडल्यावर बहुतेक ठिकाणी एकरकमी बोनस देऊन विषय मिटवतात. तसे करू नये. रक्कम मूळ पगारातच मिळवावी, नाहीतर पुढच्या वर्षीचे 8 टक्के पुन्हा त्या 85वरच मोजले जातील.

कळावे,
वेतनरचनेचा अभ्यास असलेला एक वाचक