वनरक्षक ताईंना, आईच्या दूधभाताच्या वाटीवरून

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुम्ही गुहागरहून दुचाकीवर आलात तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आमच्या कलमांच्या बागेतल्या कोरड्या हौदात खवले मांजर पडलं होतं आणि भोवती अर्धी वाडी जमली होती. कुणी काठीने ढोसत होतं, कुणी खवल्यांच्या भावाचं बोलत होतं. ते अंगाचा गोळा करून गप्प पडलं होतं. आईने बिचारीने दूधभाताची वाटी आणून ठेवली होती.

तुम्ही आधी काठ्या खाली ठेवायला लावल्यात. हे खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, औषध वगैरे काही नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, एवढं सांगितल्यावर भावाची भाषा थांबली.

पण मला खरे आभार मानायचेत ते पुढच्या अर्ध्या तासाचे. तुम्ही आईशेजारी बसलात आणि वाटी का नको ते सांगितलंत. याला दात नाहीत. जीभ वीतभर लांब, चिकट, आणि तिचं मूळ तोंडात नाही, पार छातीच्या खाली बरगड्यांपाशी. वारूळ नखांनी उकरायचं, जीभ आत सारायची, मुंग्या-वाळवी चिकटून येतात. चावणं सगळं पोटात; गिळलेले बारीक खडे तिथे जात्याचं काम करतात. आई म्हणाली, "म्हणजे कोंबडीसारखंच की!" तुम्ही हो म्हणालात, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

लेकीने विचारलं, पुस्तकातला मुंगीखाऊ तो हाच का? इतक्या रात्री कुणीही "नाही" म्हणून विषय संपवला असता. तुम्ही मोबाईलवर फोटो शोधून दाखवलात. तो राक्षसी मुंगीखाऊ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, अंगावर केस, शेपटीसकट दोन मीटर. त्यालाही दात नाहीत. जीभ ६० सेंटिमीटरपर्यंत, मिनिटाला दीडशे वेळा आतबाहेर. नखं बोथट होऊ नयेत म्हणून ती आत दुमडून चालतो. दिवसाला ३० हजारांपर्यंत मुंग्या-वाळवी खातो, पण एका वारुळावर जेमतेम मिनिटभर थांबतो, कारण तेवढ्यात सैनिक मुंग्या चावायला धावतात. वारूळही त्यामुळे शाबूत राहतं. आणि दोघं नात्यातले नाहीत! मुंगीखाऊ स्लॉथच्या, म्हणजे झाडाला उलटं लटकणाऱ्या त्या संथ प्राण्याच्या गोतावळ्यातला. आपलं खवले मांजर त्याच्यापेक्षा कुत्र्या-मांजरांना जवळचं. लेक तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगते.

पशुवैद्यांनी तपासल्यावर तुम्ही त्याला रानात सोडलंत. कुठे, ते सांगितलं नाहीत, तेच बरं केलंत.

हौदावर आता फळ्या टाकल्यात. पंपाच्या खोपीमागचं वारूळ मी दरवर्षी पावसाआधी कुदळीने फोडायचो, यंदा हात लावला नाही. परवा तिथे ताजं उकरलेलं दिसलं. आलात तर दाखवतो. आई जेवायलाही बोलावते आहे.

आपला,
एक बागायतदार