लाइपझिगहून सागरला

लाइपझिग, जर्मनी,
१२ जुलै

प्रिय सागर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शिव्या घालत असशील, घाल. पुढच्या महिन्यात फिजिकुम आहे. म्हणजे पहिल्या दोन वर्षांवरची सरकारी परीक्षा: दोन दिवसांत ३२० प्रश्न, वर ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीची तोंडी. ती सुटली की मग पुढची क्लिनिकल वर्षं.

'तुझं बरंय, फुकटात डॉक्टर होतोयस' असं लिहिलंयस. लेका, फी नाही हे खरं. हायडेलबर्गला असतो तर आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडले असते. इथे तेही नाहीत. पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. बाबांनी ते कसे उभे केले, तुला ठाऊक आहे. शिवाय भाषा आणि श्टुडिएनकोलेगमध्ये, म्हणजे विद्यापीठाआधीच्या परदेशी पोरांच्या तयारीच्या वर्गात, गेलेली वर्षं कुठल्या खात्यात धरायची? तू मिरजेत डिसेक्शन करत होतास तेव्हा मी डेर-डी-डास, म्हणजे जर्मन शब्दांची लिंगं, घोकत होतो.

आकडे मात्र मला कधी जड गेले नाहीत. सदतीसला हे लोक 'सात आणि तीस' म्हणतात, आपल्यासारखं एकक आधी. वर्गातला ब्राझीलचा पोरगा अजून ३७चे ७३ करतो. मी त्याला हसायचो आणि त्याच तोऱ्यात फसलो.

फिजिकुमच्या आधी ९० दिवस दवाखान्यात नर्सिंगचं काम करावं लागतं. सकाळी सहाची पाळी. अंग पुसायचं, बेडपॅन द्यायचं-काढायचं, पेशंट खाटेवर असतानाच त्याला कुशीवर वळवून चादर बदलायची. तिथे एक आजी होत्या, पक्क्या सॅक्सन, म्हणजे इथल्या सॅक्सनी प्रांतातल्या, कॉफीला 'गाफे' म्हणणाऱ्या. म्हणाल्या, ''फिअर्टल द्रायला माझे केस विंचर, मुलगी यायचीय.'' फिअर्टल म्हणजे पाव, द्राय म्हणजे तीन. मी सव्वातीनला कंगवा घेऊन हजर! मुलगी तासभर बसून निघायच्या बेतात, आणि आजी विस्कटलेल्या केसांनी भिंतीकडे तोंड करून. सिस्टरने नंतर सांगितलं, इकडे 'पाव तीन' म्हणजे तिसऱ्या तासाचा पाव झाला, म्हणजे सव्वादोन. 'अर्धा तीन' म्हणजे अडीच हे मला माहीत होतं, 'पाऊण तीन' म्हणजे सरळ आपले पावणेतीन. पावाशीच डोकं अडलं. दुसऱ्या दिवशी दोनलाच गेलो. मुलगी येणार नव्हती. तरी विंचरले. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त मान थोडी पुढे केली.

त्या वॉर्डात मला सगळे 'हेर डोक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचे. गंमत म्हणजे सहा वर्षं शिकून परवाना मिळाला तरी इथे नावामागे डॉक्टर लागत नाही. त्यासाठी वेगळा प्रबंध लिहावा लागतो.

डिसेक्शनचं विचारलंस. आमच्या टेबलावर एक आजोबा होते. खुब्यात धातूचा सांधा निघाला, आम्ही सगळे वाकून बघत बसलो. नाव कळत नाही. पण इथे देह देणाऱ्याने जिवंतपणी स्वतः सही केलेली असते. डिसेक्शन संपल्यावर घरच्यांना बोलावून स्मरणसभा झाली. आमच्याच वर्गातल्या एकीने चेलो वाजवला, मग एकेक नाव वाचलं. मी पुढच्या रांगेतले चेहरे चाचपत होतो, यातले आमच्या आजोबांचे कोण? एक म्हातारी काठी टेकत उठली आणि आम्हा पोरांशी हात मिळवत गेली. माझाही हात हातात घेतला. याच हाताने... जाऊ दे. तुमच्याकडे बेवारस देह किती असतात रे अजून?

आई दर रविवारी विचारते, परत कधी येणार. तिला कसं सांगू? 'नीट' परीक्षा पास झालोय, पण भारतात डॉक्टरकी करायची तर २०२१च्या नियमाप्रमाणे परदेशातली पदवी इंग्रजी माध्यमाची हवी, आणि इथे पेशंटच्या खोकल्यापासून परीक्षेपर्यंत सगळं जर्मन. नियम बदलेल म्हणून चार वर्षं गप्प बसायचं की आताच सांगून टाकायचं? तू तिकडे आहेस, एकदा घरी जाऊन तिचा अंदाज घे. बाबांसमोर नको.

येताना ती मेतकूट देईल, ते पोस्टाने पाठव. इथे भात रोज होतो.

तुझा,
आदित्य