रायफल नंतर घ्या, आधी पोराला उभं राहायला शिकू द्या

मा. संपादक,

पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ब्राँझ मिळवलं तेव्हापासून आमच्या भागात नेमबाजीचे क्लास भराभर निघालेत, चांगलंच आहे, पोरं येतायत, मुली तर जास्तच येतायत. पण पालक येतात ते पहिला प्रश्न हाच घेऊन की सर, कुठली रायफल घ्यायची? काही ठिकाणी तर पहिल्याच महिन्यात दोन-अडीच लाखांची इम्पोर्टेड रायफल, जॅकेट, ट्राउझर, बूट अशी सगळी यादी हातात ठेवतात आणि एसटीतले, शेतीवाले लोक सोनं गहाण टाकून ते घेतात. हे बघवत नाही म्हणून लिहितोय.

10 मीटर एअर रायफलमध्ये टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हे ऐकलं की पालकांना वाटतं सगळी कमाल यंत्राचीच असणार. मी त्यांना एकच सांगतो, क्लबमधली जुनी पण नीट सांभाळलेली मॅच (स्पर्धेची) रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंजात, घट्ट आवळा आणि पाच पेलेट (छर्रे) मारा, भोक जवळपास एकच दिसतं. आता तीच रायफल पोराच्या खांद्याला द्या, लगेच आठ, नऊ, सात, सगळीकडे विखुरतात. म्हणजे चूक कुठून आली? उभं राहण्यातून, श्वासातून, ट्रिगर झटक्यात ओढण्यातून, आणि शॉट सुटला की लगेच मान उचलून बघायच्या सवयीतून, आणि हे सगळं नव्या रायफलीबरोबर जसंच्या तसं घरी येतं.

यावरचा उपाय जवळपास फुकट आहे पण कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी सांगत नाही. ड्राय प्रॅक्टिस. रायफल रिकामी आहे हे आधी दोनदा बघायचं, मग कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, ट्रिगर हळूहळू दाबायचा आणि तो सुटला त्या क्षणी साइट (नेम धरायची खूण) कुठे होती ते तोंडाने सांगायचं. रोज. पेलेट नाही, स्कोअर नाही, टाळ्या नाहीत. मॅचला 60 शॉट 75 मिनिटांत मारायचे असतात, तेवढा वेळ एकसारखं उभं राहायची ताकद पाठीत आणि पायात यायला काही वर्षं जातात, ती दुकानात मिळत नाही.

आता कुणी म्हणेल की अभिनव बिंद्राकडे तर घरचीच शूटिंग रेंज होती. होती की. पण 2008 ला बीजिंगमध्ये फायनलच्या तोंडावर त्याच्या रायफलची साइट हललेली निघाली, पहिला ट्रायल शॉट पार बाहेर गेला, तेव्हा उरलेल्या थोड्या मिनिटांत ती परत जागेवर आणून गोल्ड मारायला वर्षानुवर्षांचा सरावच कामाला आला. आणि तुर्कीचा पिस्तूल नेमबाज युसुफ दिकेच याचा पॅरिसचा खिशात हात घातलेला फोटो फिरला तेव्हा उलटंच सुरू झालं, लोक म्हणायला लागले साहित्य काहीच लागत नाही, तेही खरं नाही, त्याच्या हातात मॅच पिस्तूलच होतं आणि तो माणूस 2008 पासून ऑलिंपिक खेळतोय.

साहित्याला किंमत आहेच, मी नाही म्हणत नाही. वरच्या लेव्हलला 50 मीटर रायफलवाले आपल्या बॅरलला (नळीला) गोळ्यांचा कुठला लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला साठा, बसतो हेसुद्धा टेस्ट करून घेतात, पण ते 600 पैकी 590 मारणाऱ्यांचं काम आहे, ज्याला अजून एका जागी पाच शॉट टाकता येत नाहीत त्याला त्याचा काय उपयोग? कुसाळेच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं असं तेव्हा पेपरात आलं होतं. म्हणजे पैसा सरावासाठी लागला हो, शोसाठी नाही.

तुमच्या क्रीडा पानाकडे एक मागणी आहे. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या रेंजवर नवीन मुलांना क्लबची रायफल वापरायला देतात, तासाला किती घेतात, कोच कोण आहे ही माहिती एकदा छापा. आणि क्लबवाल्यांना विनंती, निदान पहिलं वर्षभर तरी पालकांना खरेदीची यादी देऊ नका, तुमच्याकडच्या जुन्या रायफलींची सील बदला, सर्व्हिसिंग करा आणि पोरांना त्याच द्या.

आपला,
एक नेमबाजी कोच, सांगली