दगडोबाचं शेवटचं पान

दादर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन महिना होत आला आणि मी आज कुठे उत्तराला बसलोय. कारण सांगतो, पण हसायचं नाही. गेले पंधरा दिवस मी कॉमिक्स वाचतोय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला, तेव्हा पोराने एक जाडजूड ठोकळा आणून उशाशी ठेवला. 'फॅन्टॅस्टिक फोर'चे, म्हणजे आपल्या त्या चार अमेरिकन सुपरहिरोंचे, सुरुवातीच्या वर्षांचे अंक, सगळे एकत्र बांधलेले. पोटावर ठेवून वाचायला गेलो तर धाप लागते, एवढं वजन. उशी मांडीवर, उशीवर पुस्तक, अशी ज्ञानेश्वरी वाचल्यासारखी बैठक मारून वाचतोय. ही येता-जाता बघते आणि काही न बोलता जाते.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आपल्याला मिळालेला तो मुखपृष्ठ नसलेला अंक आठवतो का? इंद्रजालचे वेताळ पाठ झाले होते म्हणून आपण इंग्रजीवर घसरलो होतो. दोघंही मराठी माध्यमातले, मधे तुझ्या ताईची डिक्शनरी. नावं धड उच्चारता येईनात म्हणून तूच बारसं केलंस: रीड म्हणजे रबऱ्या, जॉनी आगकाडी, सू वहिनी, आणि तुझा लाडका बेन म्हणजे दगडोबा. त्यांचा वैरी डॉक्टर डूम, त्याला तू लोखंड्या म्हणायचास. एरवी तुझ्या खोडसाळपणाचा मला कंटाळा यायचा, पण ही नावं इतकी चपखल होती की आजही पुस्तकात 'रीड' वाचलं की डोक्यात रबऱ्याच उमटतो.

त्या अंकाची मागची पानं फाटलेली होती. दगडोबा लोखंड्यावर चाल करून निघालाय आणि संपलं. पुढचं तूच काढलंस, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, निळ्या बॉलपेनने. दगडोबा लोखंड्याला गरगर फिरवून नदीत फेकतो आणि सगळे मिळून वडापाव खातात. न्यूयॉर्कमध्ये वडापाव! पण मला ते पटलं होतं. इतकी वर्षं माझ्या लेखी ती गोष्ट तशीच संपत होती.

परवा रात्री तोच अंक समोर आला. चाळिसावा, जुलै 1965. आणि या वेळी शेवटची पानं शाबूत होती.

पण जरा मागून सांगतो, नाहीतर त्यातली गोम कळायची नाही. हा डूम पहिल्यांदा येतो तो पाचव्या अंकात, जुलै 1962 मध्ये. तिथून पुढे तो पुन्हा पुन्हा मरतो आणि पुन्हा पुन्हा परत येतो. सहाव्या अंकात समुद्राचा राजा नेमॉरला हाताशी धरून चौघांचं घर असलेली अख्खी बॅक्स्टर बिल्डिंग उपटून अवकाशात नेतो आणि शेवटी स्वतःच एका उल्केला लटकून दिसेनासा होतो. दहाव्यात तर कमालच आहे. तो थेट कॉमिक्स काढणाऱ्यांच्याच ऑफिसात शिरतो आणि स्टॅन ली व जॅक कर्बीला दमात घेऊन रीडला फोन करायला लावतो. त्या वेळी आकसत आकसत नाहीसा होतो. मग विमानातून पडतो, मग पुन्हा अवकाशात वाहून जातो. आपल्याकडे एकदा रावण मेला की मेला, पुढच्या दसऱ्यापर्यंत तरी. हा काही तेवढाही थांबत नाही. मला आधी वाटलं, लेखकाला दुसरा खलनायक सुचत नसावा.

तसं नव्हतं. 1964 च्या वार्षिक अंकात त्याची जन्मकथा आहे आणि ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. लॅटव्हेरिया नावाच्या कल्पित देशातला भटक्या जमातीतला पोर. आई चेटूक करणारी, ती आधीच गेलेली. बाप वैद्य, तोही सरदाराच्या भीतीने पळता पळता थंडीत मेला. पोरगा मात्र हुशार, अमेरिकेत कॉलेजात पोचतो. तिथे रीड रिचर्ड्स भेटतो. रीडची नजर याच्या गणिताच्या कागदांवर पडते, त्याला त्यात चूक दिसते आणि तो सांगतो, बाबा, हे तपासून बघ. डूम त्याला हाकलतो. यंत्र फुटतं, तोंड भाजतं, कॉलेजातून काढून टाकतात. मग तिबेटात जाऊन तो पोलादी चिलखत घडवून घेतो आणि मुखवटा पुरता निवायच्या आत तोंडावर चढवतो. तिथून पुढे आयुष्यभर एकच धोशा: हे रीडमुळे झालं.

आता इथे मला जे दिसलं ते तुला सांगायचंय. त्यासाठीच हा पत्राचा घाट.

पहिला अंक आठव, नोव्हेंबर 1961 चा. अवकाशयान न्यायचंय, वैमानिक बेन. बेन स्पष्ट सांगतो की त्या वैश्विक किरणांचा नीट अभ्यास झालेला नाही, जाऊ नये. रीडला घाई. आणि आपली सू वहिनी त्याला भित्रा म्हणते. बस, तेवढ्या एका शब्दावर तो यान उडवतो. त्या किरणांनी चौघांनाही शक्ती येतात, पण बाकी तिघं परत येतात ती धड माणसासारखी दिसणारी. बेन परततो तो दगडोबा होऊन.

म्हणजे बघ. रीडने सांगितलेलं डूमने ऐकलं नाही आणि डूमचं तोंड गेलं. बेनने सांगितलेलं रीडने ऐकलं नाही आणि तोंड गेलं ते बेनचं. एकाने लोखंड चढवलं, दुसऱ्यावर दगड चढला. सूड घ्यायचा हक्क कुणाचा असेल तर तो बेनचा, आणि तो त्याच माणसाच्या घरात राहतो, शेजारच्या खोलीत, एकाच टेबलावर जेवतो. सूड घेतो तो मात्र दुसराच, ज्याचा काही हक्क नाही. लहानपणी हे आपल्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आपल्याला हवी होती नुसती मारामारी.

आता एकोणचाळीस आणि चाळीस. त्याआधी फ्राइटफुल फोर नावाच्या टोळीच्या बॉम्बने चौघांच्या शक्ती गेल्यात. रबऱ्या ताणला जात नाही, आगकाडी पेटत नाही. आणि बेन? बेन माणूस झालाय! कातडी, केस, नाक, सगळं परत. बाकी तिघांचे चेहरे पडलेले आणि हा एकटा सुखात. नेमका त्याच वेळी लोखंड्या परत येतो, आणि या खेपेला त्याच्या हातात कारण आहे. आदल्या झुंजीत रीडने त्याला संमोहित करून, तूच जिंकलास, असा नुसता भास करून दिला होता. तो बिचारा विजयाच्या धुंदीत घरी गेला होता. ते खोटं होतं हे कळल्यावर तो पेटतो. इथेही रीडच बघ. दुसऱ्याने काय समजायचं हे परस्पर ठरवून मोकळा.

डूम बॅक्स्टर बिल्डिंग ताब्यात घेतो आणि रीडने स्वतःच्या हातांनी बनवलेली शस्त्रं वरून यांच्यावरच चालवतो. खाली रस्त्यावर चार साधी माणसं आणि मदतीला एक आंधळा वकील, डेअरडेव्हिल. तो पुढे होऊन डूमला झुंजवत ठेवतो. मला या भागात सगळ्यात मजा आली, कारण इथे कुणीच बलवान नाही. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरायचं, ते पण जीव मुठीत धरून. कर्बीने ती इमारत अशी काढलीय की तिचीच भीती वाटते.

मग रीडच्या हाती ते यंत्र लागतं, शक्ती परत आणणारं. स्वतःची, सूची, जॉनीची शक्ती येते, तरी डूम आवरत नाही. आणि रीड ते यंत्र बेनवर रोखतो.

बाळ्या, तो विचारत नाही रे. एका शब्दाने विचारत नाही.

आणि मग दगडोबा निघतो. आपला अंक इथेच फाटला होता. पुढे काय होतं सांगू? नदीबिदी काही नाही. डूम हाताशी असेल ते सगळं त्याच्यावर फेकतो, हा थांबतच नाही. एकेक पाऊल पुढे. शेवटी त्याचे दोन्ही पोलादी पंजे आपल्या मुठीत घेतो आणि दाबतो. यंत्रं बनवणाऱ्याचे हात आहेत ते, लोखंडासकट चुरगळतात. मी तेवढ्या चित्रांवर किती वेळ थांबलो कुणास ठाऊक. एक न ऐकून बिघडलेला आणि एक न ऐकल्यामुळे बिघडलेला, असे दोघं एकमेकांचे हात धरून उभे. तो जिवानिशी जायच्या आत रीड बेनला आवरतो आणि डूमला जाऊ देतो. त्याचा गर्व मोडला, तेवढी शिक्षा पुरे म्हणून. हे रीडने ठरवायचं, अर्थात.

वडापाव नाही. बेन वळतो आणि टोळी सोडून चालता होतो. पुढचे तीन अंक त्याच रडगाण्यात जातात. तो शत्रूच्या हाती लागतो, ते त्याचं डोकं फिरवतात, वगैरे. ते जरा ताणलंय, मी भराभर उलटलं. त्याच वर्षीच्या वार्षिक अंकात रीड आणि सूचं लग्न आहे. डूम पेपरात ती बातमी वाचून पिसाळतो आणि यंत्राने सगळ्या खलनायकांना लग्नावर सोडतो. मांडवात हाणामारी. शेवटी स्टॅन आणि जॅक सूटबूट घालून लग्नाला येतात आणि त्यांना दारातूनच परत पाठवतात. तेवढं वाचून मी मोठ्याने हसलो, तेव्हा कुठे हिच्या जिवात जीव आला.

पोरगा सांगत होता की त्या काळी पटकथा वगैरे नसायची. गोष्ट तोंडी ठरायची, कर्बी पानंच्या पानं काढायचा, समासात टिपणं लिहायचा आणि मग ली संवाद भरायचा. कुणाचं काय, यावरून पुढे दोघांचं फाटलं आणि 1970 मध्ये कर्बी सोडून गेला. कर्बी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला गरिबीत वाढलेला, फ्रान्समध्ये युद्धावर जाऊन आलेला. बेनमध्ये त्याने स्वतःलाच काढलं असं म्हणतात. त्या पंजांच्या चित्रांकडे बघून मला ते खरं वाटतं.

आता खरं ते लिहितो.

त्या साली आपल्या मंडळाच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. तू खेळ सोडला होतास. नोकरीची शारीरिक चाचणी आठ दिवसांवर आली होती आणि काकूंना तू शब्द दिला होतास. डाव्या कोपऱ्याला माझ्याकडे कुणी नव्हतं. मी यादीत तुझं नाव लिहिलं आणि माईकवरून पुकारायला लावलं. अख्खा चौक तुझ्याकडे बघायला लागला. मला माहीत होतं तू मग उठणारच. सूने बेनला भित्रा म्हणावं, तसाच प्रकार, फक्त लाउडस्पीकरवर.

शेवटची चढाई. तू घोट्याची पकड केलीस, तो गडी मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे पडला, आणि सगळी गर्दी तुझ्या अंगावर. आपण जिंकलो. खालून तू निघालास तेव्हा खांदा निखळलेला होता आणि चेहरा पांढराफटक. चाचणी गेली, नोकरी गेली. हॉस्पिटलात मी ढाल घेऊन आलो होतो, गाढव. तू ढालीकडे बघितलंसुद्धा नाहीस. एवढंच म्हणालास, "विचारायचं तरी होतंस रे."

त्यावर मी वर्षानुवर्षं मनात उत्तरं तयार केली. वेळच नव्हता, दुसरा इलाज नव्हता, मंडळाची इज्जत होती. परवा रात्री वाचलं तर रीडची उत्तरं हीच. शब्दसुद्धा फार वेगळे नाहीत. आणि गंमत म्हणजे त्याचं म्हणणं खोटं नाही. यंत्र चालवलं नसतं तर पाचही जण मेले असते. तुला खेळवला नसता तर आपण हरलो असतो. ते सगळं खरं धरलं तरी विचारायला एक क्षण लागतो, आणि तो होता. माझ्याकडे तर अख्खी दुपार होती.

तू वर्षभर बोलला नाहीस आणि मग एक दिवस चहा प्यायला आलास, जसं काही झालंच नव्हतं. का आलास ते मी कधी विचारलं नाही. बेनसुद्धा त्रेचाळिसाव्या अंकात परत येतो. त्याचं डोकं ताळ्यावर आणायला यंत्र लागलं. तू नुसताच आलास.

खांदा पावसाळ्यात अजून धरतो का? वहिनींना विचार, माझ्या गुडघ्याला लावतोय ते तेल पाठवू का. बरं आहे, वास मात्र घोड्याच्या पागेसारखा.

डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात जिना उतरायला हरकत नाही. शनिवारच्या जनशताब्दीने रत्नागिरीला येईन म्हणतो, पुस्तक घेऊन. तिकीट काढलेलं नाही. येऊ का?

तुझा,
पक्या